पावणेपाच किलो

वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात, लिलाव उठल्यावर,
जानकी केळुसकरणीने माझा बेस गिटार
तागडीत आडवा घातला.
मान पारड्याबाहेर लोंबती, तारांना दोन खवले चिकटलेले,
आणि पलीकडे दोन, दोन, अर्धा, पाव.
पावणेपाच किलो.
"एक बरी सुरमय झाली," ती म्हणाली,
"पण सुरमय गळ्यात घालून रातभर कोण नाचणा नाय."

मी नाचत नाही. मी उभा राहतो.
एकवीस वर्षं, मागच्या रांगेत, ड्रमच्या डाव्या हाताला,
हळदीला, जत्रेला, शिरोड्याला, रेडीच्या मैदानात,
रात्री दहापासून चहावाला भांडी घासायला काढेपर्यंत.
लोकांना गाणारी दिसते. की-बोर्डवाला दिसतो.
मी नसलो की मात्र कुणीतरी विचारतं,
आज गाणं असं का लागतंय,
तिरफळ विसरलेल्या तिखल्यासारखं?

डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली गेलाय.
हे मला शिंप्याने सांगितलं, टेप गळ्यात टाकत.
करंगळीला मुंग्या येतात.
डॉक्टर म्हणाले, सोडून द्या आता,
जशी काही ती विडी आहे.

मग सावंतवाडी.
बाबली चितारी लाकडाची केळी करतो, लाकडाची सीताफळं,
त्याने पांगाऱ्याचा ओंडका एका हाताने उचलून दाखवला:
"ह्यां पाण्यात टाकलंस तरी बुडाचां नाय."
तीन आठवडे कोरत होता.
पोटाला लागतं तिथे खोलगट,
उजवा हात टेकतो तिथे उतार.
जुनी मान, जुन्या चाव्या, नवं धड,
त्यावर सफरचंदांसाठी घोटलेला लाल रंग, उरला होता तो.
तीन किलो!
हातात घेतला आणि मला चक्क हसू आलं.

पट्ट्यात अडकवला, हात सोडले,
तर मान निघाली जमिनीकडे,
प्रवचनात पेंगणाऱ्या माणसासारखी.
उचलली. पुन्हा निघाली.
डावा हात सूर दाबायचा सोडून
तिला धरून बसला.
हलका झाला होता तो.
मी नव्हतो झालो.

परत जानकी. टोपली खाली, चुंबळ हातात.
तिने त्याला एका बोटावर तोलून पाहिलं,
नारळ हलवून पाहतात तशा चेहऱ्याने.
"डोक्यार बोजो, नि बुडाक कायच नाय."
घरी गेली, आणि नवऱ्याच्या फाटक्या पागाच्या कडेची
शिशं कोयतीने तोडून आणली.
नऊ.
बाबलीने शेपटाकडे भोक पाडून ती आत बसवली,
वर मेण, वर पुन्हा लाल.
पट्टा जानकीच्याच जुन्या लुगड्याचा,
चौपदरी, वीतभर रुंद, आत कापूस:
"चुंबळ डोक्यार घालतत, तुझी खांद्यार."

पुन्हा तागडी. दोन, एक, अर्धा, शंभर ग्रॅम.
"वजन वाढलां मगे," मी म्हणालो.
"वाढलां," ती म्हणाली. "पण आता बसलां."
आणि बांगडे मोजायला लागली.

उभादांड्याला परवा वाजवला.
पट्टा आखूड करून, बरगड्यांशी, मान खांद्याच्या उंचीला.
फेलिक्सने ड्रमवरून ओरडून विचारलं,
पोरगं कडेवर घेऊन कुठे चाललास?
आमचा नवा गिटारवाला त्याची गिटार गुडघ्यापर्यंत सोडतो,
बरी दिसते. बावीस वर्षांचा आहे. सोडू दे.
मी मनगट सरळ ठेवलं,
बोटं तारांवर नुसती टाकली,
आवाज वाढवायचं काम मशीनला दिलं.
पूर्वी तेही मी बोटांनीच करायचो, उगाच.

चार तास. मग मांडवामागे चहा,
समुद्राकडून गार वारा,
अर्धा कप संपल्यावर लक्षात आलं
की तो अजून गळ्यातच आहे.

एक शिसं मात्र सैल बसलंय.
सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली
की आत कुठेतरी खुळखुळतं,
बारीक, फक्त मला ऐकू येईल इतकं.
बाबलीला सांगायचंय.
दोनदा सावंतवाडीला जाऊन आलो,
दोन्ही वेळा राहिलं.